नमुन्याची अंगठी

दर शुक्रवारी सकाळी, बहरीनमधल्या अरादच्या किनाऱ्यावर माणसं यायच्या आत, शंभू तळवडेकर दोन खुर्च्या मांडत असे. एक स्वतःसाठी, एक जो कोणी येईल त्याच्यासाठी. मध्ये पत्र्याची बादली, बादलीत दोन खुरपी आणि जाळीची चाळण. उजव्या खुर्चीखाली चहाचा थर्मास. थर्मास सहा कपांचा होता, आणि एके काळी तो पुरत नसे. आता शंभू दोन कप पीत असे आणि उरलेला चहा घरी जाऊन बेसिनमध्ये ओतत असे. पण सहा कपांचा चहा टाकायचा हात काही त्याला आखडता घेता आला नाही.

मांडणी झाली की तो दहाबारा पावलं पाण्याकडे जाई, वळून खुर्च्यांचा फोटो काढी आणि क्लबच्या ग्रुपवर टाकी. खाली एकच शब्द: हजर. चारपाच अंगठे येत. कोणाचे, हे तो बघत नसे.

क्लब होता धातू शोधणाऱ्यांचा. लांब दांड्याचं, खाली थाळीएवढी चकती असलेलं मशीन वाळूवरून हळूहळू फिरवायचं; खाली धातू असेल तर ते कानात वाजतं. वाजलं की खणायचं. मिळायचं काय, तर नाणी, चमचे, मोटारीच्या किल्ल्या, शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या. आणि वर्षाकाठी दोनतीन अंगठ्या. ज्याची वस्तू त्याला शोधून परत द्यायची. क्लबचे नियम तीनच. अरादच्या किल्ल्याच्या आसपास आणि जुन्या थडग्यांच्या टेकाडांकडे मशीन न्यायचं नाही. जुनं ते आपलं नव्हे. कोणाचं काही हरवलं तर त्यानं लाज सोडून लगेच सांगायचं, भरती कोणासाठी थांबत नाही. आणि वस्तू मिळाली की मोठ्यानं ‘मिळालं’ म्हणायचं. मग बाकीच्यांनी मशीनं खाली ठेवून बघायला यायचं.

हे नियम जयप्रकाश दामल्यांनी केले होते. दामले पुण्याचे, बँकेत हिशेबनीस, बोलायला खवचट आणि वागायला फार चांगले. शंभूची आणि त्यांची ओळख एसीमुळे झाली. शंभू एका देखभाल कंपनीत एसीचा मिस्त्री, पुढे सुपरवायझर. जुफैरच्या एका उंच इमारतीतलं बिऱ्हाड देश सोडून निघालं होतं आणि निघणारी माणसं करतात तसं सामान वाटून टाकत होतं. एसी उतरवायला आलेल्या शंभूच्या वाट्याला एक मशीन आलं. त्याचं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. समोरच्या दारातून दामले म्हणाले, “घ्या हो. माझ्याकडेही एक पडलंय. दोन वेडे भेटले की मंडळ होतं.”

मंडळ झालं. अकरा वर्षांत चौदा माणसं जमली, कधी सतरा. पण ही बहुतेक सगळी व्हिसावरची माणसं. नोकरी संपली, मुलं मोठी झाली, की निघाली. निघताना ज्याचं स्वतःचं मशीन असे तो ते क्लबला देऊन जाई, आणि क्लबला म्हणजे शंभूला. दामले मुलाकडे न्यूझीलंडला गेले तेव्हा त्यांचंही आलं. जिदहफ्सला, खुब्जच्या, म्हणजे अरबी रोटीच्या, भट्टीच्या वरच्या मजल्यावर शंभूची खोली होती. तिथे भिंतीला ओळीनं टेकून नऊ मशीनं उभी असत. गुरुवारी संध्याकाळी तो नऊच्या नऊ चार्जिंगला लावी. एकेका शुक्रवारी एकेक वापरी. पडून राहिलं की यंत्र बिघडतं, हे त्याला धंद्यातून माहीत होतं.

त्याच खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर साबणाच्या डबीत एक अंगठी असे. ती त्याच्या बायकोची, सत्यवतीची.

सत्यवती इथे दोनच वर्षं राहिली होती, वीस वर्षांपूर्वी. शंभूला तेव्हा कुठे फॅमिली व्हिसा मिळाला होता. मग भाडं वाढलं, मुलीच्या, मृणालीच्या, शाळेचा प्रश्न आला, आणि मायलेकी कुडाळजवळच्या गावी परतल्या. निघायच्या दिवशी उन्हानं सत्यवतीची बोटं सुजली होती. साबण लावून तिनं अंगठी काढली, खिडकीत ठेवली आणि म्हणाली, “रवांदे हयच. परत इलंय काय घालीन.” ती परत आली नाही. येणं दर वर्षी ठरे आणि दर वर्षी मोडे. शंभूच दोन वर्षांनी एकदा महिनाभर जाई. अंगठीचा विषय तिनं कधी काढला नाही. त्यानंही नाही. तो समजत होता की ती वाट बघते आहे, आणि ज्याची वाट बघायची ते तोंडानं बोलू नये.

ही अंगठी क्लबच्या कामात आली ती दामल्यांमुळे. दिवस सुरू करताना मशीनचा कान लावून घ्यावा लागतो. त्यासाठी एक ठाऊक असलेली वस्तू वाळूत पुरायची, वरून मशीन फिरवायचं, आवाज ओळखून घ्यायचा आणि वस्तू काढून ठेवायची. तिला नमुना म्हणत. दामले सांगत, “पातळ सोन्याचा आवाज आणि डब्याच्या कडीचा आवाज सख्खे भाऊ आहेत. कड्या नकोत म्हणून मशीनला तो आवाज गाळायला सांगाल, तर अंगठ्याही गाळल्या जातील. म्हणून नमुना पातळ सोन्याचाच हवा.” पातळ सोन्याची अंगठी क्लबमध्ये एकट्या शंभूकडे होती. मासेमारीच्या दोऱ्यानं ती बाटलीच्या लाल बुचाला बांधलेली असे. अंगठी वाळूत, बूच वर. नवीन माणूस ती शोधी, आवाज ऐकी, आणि शंभू दोरा धरून ती वर ओढी. अकरा वर्षांत कितीदा तरी. कुठेतरी त्याला बरंही वाटे. डबीत पडून राहण्यापेक्षा चार माणसांत जाते.

मार्चमध्ये कंपनीचं पत्र आलं. शंभू साठीला पोहोचला होता. एप्रिलअखेर काम संपणार, व्हिसा संपणार. पत्र वाचून त्यानं नीट घडी घातली आणि ग्रुपवर लिहिलं, ‘क्लब कोणी घेणार का?’ ग्रुपवर एकवीस नावं होती. त्यातली बहरीनमध्ये उरलेली तीन: तो स्वतः, मूळच्या अरादच्याच ताहेरा टीचर, ज्या गुडघ्यांमुळे पाचसहा महिन्यांत फिरकल्या नव्हत्या, आणि निहार. जुफैरला राहणारा हा मुंबईचा इंजिनियर. त्याच्या बायकोची, स्पृहाची, अंगठी शंभूनं मागच्या हिवाळ्यात चार तास वाळू चाळून काढून दिली होती.

निहारचा फोन आला. “काका, मी घेतो ना. येत्या फ्रायडेला येतो, मला सगळं शिकवा.”

“सहाला ये. मग ऊन होता.”

“नक्की, काका.”

त्या शुक्रवारी शंभूनं चहात वेलची घातली. आणि एक गोष्ट केली जी अकरा वर्षांत केली नव्हती. नमुन्याचा दोरा सोडला. लाल बूच दिसलं की नवा माणूस कानांऐवजी डोळ्यांनी शोधतो, हे त्यानं अनेकदा पाहिलं होतं. निहारला क्लब सांभाळायचा होता. त्याचा कान पक्का हवा. शंभूनं डाव्या खुर्चीपासून पाण्याकडे सात पावलं मोजली, वीतभर खोल अंगठी पुरली, वाळू सारखी केली, खुर्च्यांचा फोटो ग्रुपवर टाकला आणि बसला.

साडेसहाला निहारचा निरोप आला. ‘सॉरी काका, बाळाला ताप आहे. नेक्स्ट फ्रायडे इंशाल्ला.’ शंभूनं लिहिलं, ‘बाळाक सांभाळ.’ मग अंगठी काढायला उठणार, तेवढ्यात किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक बाई धावत आल्या. गाडीची किल्ली वाळूत पडली होती, आणि गाडीत म्हाताऱ्या सासूचं औषध. शंभू मशीन उचलून त्यांच्याबरोबर गेला. नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नाही. किल्ली मिळायला पावणेदोन तास लागले.

तो परतला तेव्हा पाणी चढलेलं होतं आणि त्याच्या दोन्ही खुर्च्या, बादली, थर्मास, सगळं कोरड्या वाळूत नीट मांडून ठेवलेलं होतं. जवळच चटईवर तीनचार कामगार पराठे खात बसले होते. त्यांतला दाढीवाला हसून म्हणाला, “चाचा, पानी आ रहा था. आपका सामान बह जाता. हम उठा लाए.”

शंभू पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन परत आला. मग म्हणाला, “कुठून उचललं? मतलब, कहाँ था?”

“उधर,” दाढीवाल्यानं हातानं सगळा समुद्र दाखवला. “थोड़ा नीचे. चाय पियोगे?”

शंभूनं त्यांचा चहा घेतला. सामान वाचवणाऱ्या माणसाला काय बोलणार?

खुर्ची ओहोटी बघून दर शुक्रवारी वेगळ्या जागी लागे. म्हणून मोजमाप खुर्चीपासून. आणि खुर्ची आता आपल्या जागी नव्हती. पाणी उतरल्यावर त्यानं अंदाजानं खणायला सुरुवात केली. मशीन वाजे, तो खणे, डब्याची कडी निघे. पुढचा आवाज, पुढची कडी. सख्खे भाऊ. संध्याकाळपर्यंत बादलीत एकतीस कड्या झाल्या.

पुढचे सहा दिवस काम सुटलं की तो अरादला येई आणि दिसेनासं होईपर्यंत खणे. कोणाला काही सांगितलं नाही. लोकांना तो अकरा वर्षं बजावत आला होता, लाज सोडा, लगेच सांगा. आणि ग्रुप उघडून बोट ठेवलं की त्याला लिहिता येईना. दुसऱ्यांच्या अंगठ्या काढून देणारा माणूस. काय लिहिणार?

सत्यवतीचा फोन बुधवारी आला. ती सामानाची यादी सांगत होती. “बदाम हाडा. ब्लँकेट हाडू नका, हय कोणाक थंडी वाजता? आणि पंप बिघाडलो हा. तुमी येतलास म्हणान कोणाक बोलावक नाय.”

“बरा केलंस,” शंभू म्हणाला.

“आवाज असो कसो तुमचो?”

“धूळ आसा हय.”

फोन ठेवल्यावर तो खिडकीतली रिकामी डबी बघत बसला. ज्या बाईबरोबर सगळं मिळून पाचसहा वर्षं काढली, तिच्याकडे तो आता कायमचा राहायला निघाला होता. बदाम, पंपाची हत्यारं, कपडे, सगळं नेता येणार होतं. तिनं स्वतःच्या हातानं त्याच्याकडे ठेवलेली वस्तू मात्र एकच होती.

दुसऱ्या शुक्रवारी निहार आला नाही. बाळ अजून दवाखान्यात होतं. पण सातच्या सुमाराला काठी टेकत ताहेरा टीचर आल्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. काळा पायघोळ अबाया खोचलेला, पायांत रबरी बूट. हिंदी त्यांनी सिनेमे बघून कमावली होती आणि ती व्याकरणाला न जुमानता ठणकावून बोलत. त्या उजव्या खुर्चीत बसल्या, थर्मासमधला चहा स्वतः ओतून घेतला आणि बराच वेळ शंभूकडे बघत राहिल्या.

“शंभू भाई, इधर आओ.”

तो आला.

“तुम क्या खो दिया?”

“कुछ नहीं, टीचर.”

“मैं तीस साल लड़कियों का झूठ देखा. तुम्हारा तो बहुत छोटा झूठ है.” त्यांनी काठीनं वाळू दाखवली. वाळूत खड्ड्यांच्या सरळ ओळी होत्या, शेतात रोपं लावावीत तशा. “ढूँढनेवाला आदमी इधर खोदता, उधर खोदता, घूमता. जिसका खो गया, वो ऐसा लाइन में खोदता. बोलो.”

शंभूनं सांगितलं. दोरा का सोडला इथपासून पराठेवाल्यांपर्यंत. टीचरनी हात पुढे केला. “मोबाइल.”

“टीचर, ग्रुप पर नहीं.”

“रूल किसका है?”

“दामले साब का.”

“तो उनको बोलो. पहले ग्रुप, फिर बीवी. जिसकी चीज़, उसको मालूम होना चाहिए. ये भी रूल है. यल्ला, चलो.”

शंभूनं ग्रुपवर दोन ओळी लिहिल्या. पाठवून मोबाइल उपडा ठेवला. टीचर काठीला हनुवटी टेकून समुद्राकडे बघू लागल्या, म्हणजे त्याला फोन करायला मोकळीक.

सत्यवतीनं लगेच उचलला. या वेळी त्याचा फोन कधी येत नसे. “काय झाला?”

“काय नाय. सत्या, तुझी मुदी…”

“खयची मुदी?”

“तू हय ठेवलंस ती. खिडकीत.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“ती आसा अजून?” सत्यवती म्हणाली.

“होती. गेल्या शुक्रवारी माझ्या हातसून वाळूत हरवली.”

“माका वाटला, मृणालीच्या ॲडमिशनच्या वक्ताक तुमी ती मोडलास.”

“मोडूक नाय. तशीच ठेवलेली.”

“मगे सांगूक नाय कधी?”

“तू इचारूक नाय.”

“मी इचारलंय असतंय, आणि मोडलेली असती, तर तुमका वायट दिसला असता. म्हणान नाय इचारूक. वीस वर्सां मी तो विषयच काढूक नाय.”

एकाच अंगठीभोवती दोघं वीस वर्षं दोन बाजूंना पाय न वाजवता वावरत होती.

“हुडका,” सत्यवती म्हणाली. “गावली तर हाडा. नाय गावली तर नाय. जेवलास काय?”

“सकाळचे साडेसात वाजलेत हय.”

“मगे चाय तरी घेवा,” म्हणाली, आणि फोन ठेवला.

टीचरनी त्याच्या कपात चहा ओतला. दुपारच्या जेवणाला घरी पाहुणे होते म्हणून दहाला उठल्या, आणि त्या गेल्यावर भरती आली. शंभू खुर्च्या घेऊन वर, भिंतीच्या सावलीत बसला. तिथे मोबाइल वाजला. न्यूझीलंड.

“शंभूराव, तुम्ही गाढव आहात,” दामले म्हणाले. “सात दिवस काय करत होतात?”

“खणत होतो.”

“फोटो बघितलात का? गेल्या शुक्रवारचा. तुम्हीच टाकलेला.”

“कसला फोटो?”

“अहो, ‘हजर’वाला. डाव्या खुर्चीच्या बरोबर मागे दिव्याचा खांब आहे, आणि खांबाच्या मागे त्या पिवळ्या इमारतीवरची पाण्याची टाकी. टाकीचा वरचा काठ नेमका दिव्याला टेकलाय. जिथे उभं राहिल्यावर तो काठ पुन्हा तसाच टेकेल, तिथे तुम्ही फोटो काढताना उभे होतात. तिथून खांबाच्या दिशेनं परत या. तुम्ही नेहमी किती पावलं मागे जाता?”

“दहा. कधी बारा.”

“मग झालं की. अंगठी त्या रेषेवरच आहे, तीनपाच पावलांच्या आत.”

शंभूनं फोटो काढून मोठा केला. खांब होता. टाकी होती. “तुम्हांला एवढं कसं दिसलं?”

“दर शुक्रवारी बघतो. इथे तेव्हा दुपार असते, सून ऑफिसला, नातवंडं क्लासला. घरात कोणी नसतं. बघतो, आज ओहोटी कुठवर आहे, खुर्च्या किती आहेत. दुसरी खुर्ची कायम रिकामी असते ते बघतो.”

“कधी लिहिलं नाहीत.”

“काय लिहायचं? अंगठा देत होतो की.”

चार वाजता पाणी उतरलं. शंभू घोट्याएवढ्या पाण्यात मागे मागे सरकत गेला, मोबाइल हातात, एक डोळा मिटून. टाकीचा काठ दिव्याला टेकला तिथे थांबला. हेडफोन लावला आणि खांबाच्या दिशेनं एकेक पाऊल टाकू लागला. चौथ्या पावलाला आवाज आला. मंद, भसाडा, डब्याच्या कडीसारखा. खणलं. कडीच होती. त्यानं ती बादलीत टाकली आणि त्याच खड्ड्यावर पुन्हा मशीन धरलं. आवाज अजून होता.

तो गुडघे टेकून हातानं उकरू लागला. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटाच्या टोकाला काहीतरी गोल लागलं.

“मिळालं,” शंभू म्हणाला. मोठ्यानंच म्हणाला, नियम होता. दूर फुटबॉल खेळणाऱ्यांपैकी एकानं मान वळवली आणि पुन्हा चेंडूमागे गेला. शंभूनं मशीन खाली ठेवलं, आणि बघायला कोणी यायचं नव्हतं म्हणून आपणच थोडा वेळ थांबून ती बघितली.

आठ मशीनं ताहेरा टीचरच्या गराजमध्ये गेली, एक निहारकडे. थर्मास, लाल बूच आणि दोन्ही खुर्च्याही टीचरनी मागून घेतल्या. क्लबची वही शंभूनं मात्र दिली नाही. तिच्यात चार रकाने होते: काय मिळालं, कुठे, कोणाचं, परत कधी दिलं. शेवटच्या नोंदीचा चौथा रकाना कोरा होता. तो गावी जाऊन भरायचा म्हणून वही हातातल्या पिशवीत निघाली.

सत्यवतीच्या बोटात अंगठी आता शिरली नाही. तिनं ती करंगळीत घातली, हात लांब धरून बघितलं आणि घासायला भांडी काढली. पंप शंभूनं दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केला. बोलणं मात्र हळूहळूच सुरू झालं. इतकी वर्षं दोघांनी आठवड्याला वीस मिनिटं पुरेल एवढंच बोलायची सवय केली होती. सबंध दिवस हाताशी आला की काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. दुपारी ती आतल्या खोलीत पडे, तो पडवीत बसे.

गावी आल्यावरच्या दुसऱ्या शुक्रवारी, साडेआठला, मोबाइल वाजला. ग्रुपवर फोटो होता. अरादची वाळू, बादली, दोन खुर्च्या. एकीला टेकवलेली काठी. दुसरी रिकामी. वाळूवर लाल बूच, दोऱ्यासकट. खाली टीचरनी लिहिलं होतं, ‘हजर’.

शंभूनं अंगठा दिला. मग तो पुसला, आणि बराच वेळ विचार करून लिहिलं, ‘टीचर, पानी अभी आधा घंटा और उतरेगा. कुर्सी थोड़ा आगे लीजिए.’

“कोण तां?” सत्यवतीनं आतून विचारलं.

“हय ये,” तो म्हणाला. “तुका दाखवतंय.”

पदराला हात पुसत ती बाहेर आली. त्यानं फोटो मोठा केला आणि खुर्चीच्या मागे खांब कुठे आहे, टाकी कुठे आहे, ते बोटानं दाखवू लागला.